मागनं येणारी गाडी

कुरुंदवाड
८ डिसेंबर २०२४

चि. काशिफ,

अरिहंतच्या आईचा आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धड आहेत. सगळे म्हणजे आम्ही दोघंच की आता.

आजच्या काळात पत्र कोण लिहितंय, असं तुला वाटेल. अरिहंतनं मुनिदीक्षा घेतली त्या दिवशी मंडपात कुणी साखर सोडली, कुणी नवीन कपडे सोडले. मी मोबाईल सोडला, जन्मभराचा. लोकांना वाटलं काय मोठा त्याग केला. त्यात त्याचे फोटो होते, म्हणून सोडला. आता घरात एकच फोन, तो यांच्या खिशात. म्हणून तुझ्या टायरच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचा पत्ता उतरवून हे लिहायला बसले.

तू दीक्षेला आला नाहीस. मी रागावले नाही, पण वाट बघितली होती. आता त्याचं नाव वेगळं आहे. गावात मी तेच नाव घेते, महाराज म्हणते, हात जोडते. या कागदावर मला अरिहंत लिहू दे. तू कुणाला दाखवणार नाहीस.

काम असं आहे. तू आणि अरिहंतनं मिळून ती पांढरी एस्टीम गाडी खाली करून पार जमिनीला टेकवलीत, ती अजून आमच्या दारात आहे. पहिल्यांदा ती तशी आणली तेव्हा हे, म्हणजे तुझे आप्पा, काय म्हणाले होते आठवतंय? "ही गाडी हाय काय घोरपड?" वर्षभर त्यात बसले नाहीत. तोच माणूस दिवाळीपासनं ती घेऊन बाहेर पडतोय. आठवड्यातनं दोनदा, तीनदा, दिवस उगवायला. येतात ते दुपारी. कुठं गेलता विचारलं की "हितंच." मळा तर आमच्या परसाला लागून आहे, त्याला गाडी कशाला लागते?

परवा पंक्चरवाल्यानं चाक काढलं आणि मला हाक मारून दाखवलं. टायरची बाहेरची बाजू नवी कोरी, आतली बाजू इतकी खाल्लेली की तारा दिसत होत्या. पुढचे दोन्ही तसेच. "वैनी, उभं राहून बघितलं तर कळणार न्हाय, पर ह्यो रस्त्यात फुटणार," म्हणाला. चाकं सरळ करून घ्या म्हणाला. तुझे आप्पा बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. "अरिहंतनं बसवलंय. तसंच ऱ्हाणार."

काशिफ, एक पोरगा मी दिला. आता नवरा रस्त्यावर घालवायची माझी तयारी नाही. काहीतरी निमित्त काढून त्यांना दुकानात बोलव आणि त्यांना कळू न देता चाकं सरळ कर. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझ्या आम्मीला, हुसेनबींना, माझा नमस्कार सांग.

तुझी काकी,
त्रिशला


कोल्हापूर, उद्यमनगर
१५ डिसेंबर २०२४

काकी,

पाया पडतो. तुमचं पत्र आम्मीनं तीनदा वाचायला लावलं आणि तीनदा रडली. मी न्हाय रडलो. मला राग हाय अजून.

आलो न्हाय त्याचं कारण सांगतो. दीक्षेच्या आधी पंधरा दिवस अऱ्या हितं माझ्या दुकानात बसून, मांडी घालून, पुढच्या शर्यतीला कुठलं टायर घ्यायचं ह्यावर माझ्याशी भांडत हुता. सूर्य मावळल्यावर चहा घेत नव्हता, कांदा सोडलेला, ते मला दिसत हुतं. मला वाटलं चार दिवसाचं खूळ हाय. एक शब्द बोलला न्हाय. आणि मग मोबाईलवर पत्रिका आली. छापील पत्रिका काकी, जी सगळ्या गावाला गेली तीच. पाचवीपासनं एका बाकावर बसलेल्या माणसाला! मी म्हटलं जा मग. जा.

असो. आप्पांस्नी फोन केला, म्हटलं जुन्या गिऱ्हाइकांची गाडी तपासून द्यायलोय, घेऊन या. आले. आता काय बघितलं ते सांगतो, म्हंजे तुमास्नी नीट कळंल.

गाडी खाली घेतली की चाकाचा वरचा भाग आत कलतोय. त्याला कॅम्बर म्हणत्यात. अऱ्याला तो आणखी पायजे हुता, म्हणून शॉकअपच्या बुडाचे बोल्ट बदलून आम्ही चाकं जास्तच आत पाडली. त्याचा फायदा वळणावर. वळताना गाडीचा सगळा भार बाहेरच्या चाकावर जातोय, तवा कललेलं चाक सपाट बसतंय आणि रस्ता धरून ठेवतंय. अऱ्या राधानगरीच्या घाटात जी वळणं मारायचा, माझा जीव वर यायचा, पर टायर आतबाहेर सारखा झिजायचा. तीच गाडी सरळ आणि हळू चालवली तर निस्ती आतली कडा रस्त्याला लागती. तेवढीच खाऊन जाती.

म्हंजे आप्पा वळणं मारत न्हाईत. गाडी सरळ चाललीया, लई चाललीया, आणि हळू. क्लच पण जळालाय. पहिल्या गिअरमधी अर्धा क्लच दाबून तासन्‌तास चालवल्याबिगर असा जळत न्हाय. आमच्याकडं असा क्लच एकाच गाडीचा येतोय, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या. मला वाटतंय आप्पा कुणालातरी गाडी शिकवायला लागल्यात.

टायर दोन्ही बदलले, क्लच घातला. कॅम्बर मातर सरळ करू दिला न्हाय. मशीनवर गाडी चढवली तर तिथंच उभे ऱ्हायले. "टायर किती बी बदल, बोल्टला पाना लावलास तर गाडी घेऊन जाईन." माझा नाइलाज झाला काकी. हे टायर पण दोन महिने टिकले तर बघा.

काशिफ


कुरुंदवाड
२६ डिसेंबर २०२४

चि. काशिफ,

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. गाडी शिकवतायत! कुणाला शिकवणार? मला एकच नाव दिसलं, सम्राट. यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. दीक्षेनंतर भावकीत कुजबुज होतीच, नेमिनाथला, म्हणजे यांना, आता वारस कोण, मळा कुणाच्या नावावर जाणार. मला वाटलं, झालं, ठरलं यांचं. अरिहंतच्या गाडीत दुसरा बसवला. वर्ष पण झालं नाही रे.

जेवताना मी विचारलं. विचारलं कसलं, बोलले. "सम्राटला दत्तक घ्यायचं असंल तर मला मंडपात उभं करून अनुमती मागा, मला सवय झालीया." असं म्हणाले मी. त्यांनी ताटात हात धुतला आणि उठले.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दिराच्या घरी गेले. जाऊबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो घेतला नाही. उंबऱ्यातनंच नको नको ते बोलले. सम्राट कॉलेजला निघाला होता, रडकुंडीला आला. "काकू, आईशप्पत, त्या गाडीच्या दाराला बी हात लावला न्हाय मी. मला गाडी येतच न्हाय." खरं बोलत होता. आता त्या घराकडं बघायला तोंड नाही मला.

तुला एक सांगते, कुणाला बोलले नाही. दीक्षेच्या वेळी माईकवर विचारतात, माता-पित्यांची अनुमती आहे का? मी "आहे" म्हणाले, मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. यांनी नुसती मान हलवली. मग त्यानं स्वतःच्या हातानं डोक्यावरचे केस उपटायला सुरुवात केली. तेच केस रे, ज्याला मी तेल लावू का विचारलं की पळून जायचा. बायका माझ्या पाया पडत होत्या. धन्य माता म्हणत होत्या. पोर मेलं तर आईला रडू देतात. मला हार घातला.

मार्गाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मार्ग खरा आहे, आणि तो चालतोय तसा चालणं सगळ्यांना जमत नाही. पण पोर माझं होतं. आणि घरात हा माणूस गप्प. मी अनुमती दिली म्हणून ते माझ्यावर चिडलेत असं मला वाटतं. त्यांच्यासमोर रडायची पण चोरी झाली आहे.

सम्राट नाही तर मग कोण? कुठं जातात? तुझ्याशिवाय कुणाला सांगू? दिवस उगवताना निघतात, शिरोळच्या रस्त्यानं. एकदा बघून ये बाबा. जे असेल ते मला लिही, लपवू नकोस.

त्रिशला


कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

काकी,

बघून आलो. कसं लिवू कळंना, म्हणून तीन दिवस कागद तसाच पडून हुता. आता जसं झालं तसं सांगतो.

मामूची मोटरसायकल घेऊन पहाटेच शिरोळच्या फाट्यावर चहाच्या गाड्यापाशी थांबलो. दिवस उगवला आणि आवाज आला. अऱ्यानं त्या गाडीला जो सायलेन्सर बसवलाय, त्याचा आवाज मी झोपेत बी ओळखीन. आप्पा एकटेच. शेजारी कुणी न्हाय, मागं कुणी न्हाय. मी अंतर ठेवून मागं लागलो.

लांब न्हाय गेले. पुढच्या गावाच्या भाईर रस्त्याकडंला संघ थांबला हुता. सात-आठ महाराज, बरोबर गावातली माणसं. ते चालाय लागले. आप्पांनी गाडीचे चारी इंडिकेटर लावले, पहिला गिअर टाकला आणि मागनं निघाले. काकी, माणूस चालतंय त्या चालीनं! कारखान्याचे दिवस, उसाचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली जोडून, टेप मोठ्यानं लावून सुसाट यायले हुते. त्यांच्या आणि संघाच्या मधी आप्पांनी गाडी धरलेली. ट्रॉलीवाले हॉर्न मारत हुते, शिव्या देत हुते. आप्पा सरकत नव्हते. बाहेर आलेली उसाची मोळी एकदा आरशाला घासून गेली, तरी न्हाय सरकले.

शेवटून दुसरा अऱ्या हुता. मी पाठीवरनं ओळखला. डावा खांदा जरा खाली असतो त्याचा. लई वाळलाय काकी. तुमी लपवू नको म्हणालाय म्हणून लिवतो. बरगड्या मोजता येत्यात. मी गाडी पुढं काढली आणि रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हायलो. म्हटलं आज तोंडावर बोलणार, जे साचलंय ते सगळं बोलणार. तो आला. नजर खाली, पायाखाली किडामुंगी येऊ ने म्हणून. माझ्या बुटापासनं दोन हातांवरनं गेला. माझ्या तोंडातनं "अऱ्या" पण निघालं न्हाय. हात जोडले गेले माझे. आपोआप.

मग आप्पांनी मला बघितलं. चोरी पकडल्यावर माणूस कसं बघतंय तसं बघितलं. गाव आलं तसं गाडी वळवली, आत गेले न्हाईत. तिथं कुणी वळखलं की लोक हार घालत्यात, बाप म्हणून पुढं बसवत्यात, ते सोसत न्हाय म्हणाले. आम्ही झाडाखाली बसलो. म्हणाले, "ट्रॉलीवाले बघत न्हाईत रे. गेल्या साली तिकडं कुठंतरी एका म्हाराजांस्नी उडवलं म्हणं. मी निस्ता आडवा चालतोय." मी म्हटलं दुसऱ्या गाडीनं या, हिचे टायर जात्यात. तर म्हणाले, "तो तिकडं चालतोय, ही त्येची हाय. दोघं एका रस्त्यावर असली की मला बरं वाटतंय."

आणि मला शपथ घातली, काकीला सांगू नको म्हणून. म्हणाले, "तिनं खऱ्या मनानं सोडलंय. मोठ्यानं आहे म्हणाली. माझ्यानं सुटत न्हाय हे तिला कळलं तर ती मला काय म्हणंल?"

शपथ मोडून लिवतोय. तुमी दोघं एका घरात ऱ्हाता आणि एकमेकाला भिता, हे मला बघवलं न्हाय.

काशिफ


कुरुंदवाड
२१ जानेवारी २०२५

चि. काशिफ,

तुझं पत्र वाचून मी चुलीपुढं बसून राहिले. भाकरी करपली, दुसरी केली, ती पण करपली. त्यांना काही बोलले नाही. परवा पहाटे अंघोळ करून, पांढरी साडी नेसून त्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले. ते आले, मला बघितलं. दार धरून जरा वेळ उभे राहिले आणि मग गाडी चालू केली. त्यांना कळलंच असेल, कुणी सांगितलं ते. रागावले नाहीत.

किती खाली केलीत रे ती गाडी! गुडघे छातीला लागतात. पण संघ दिसला आणि सगळं विसरले. मी त्याची पाठ बघितली. लहानपणी चालायला शिकला तेव्हा मी मागनंच चालायची, तशीच बघत राहिले. काचा वर होत्या. मी रडायला लागले आणि यांच्याकडं बघितलं तर त्यांचे डोळे वाहत होते, हात स्टेअरिंगवर, पाय क्लचवर. दीक्षेनंतर पहिल्यांदा आम्ही एकमेकांसमोर रडलो. "मला वाटलं तू दगड हाईस," म्हणाले. मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही."

एवढंच झालं असतं तर मी तुला पेढे पाठवले असते.

गाव आलं. हे नेहमीसारखे झाडाखाली थांबले. मी म्हटलं, मी आत जाते, आज त्याचा आहार बघून येते. त्याच्या हातावर एक घास घालायला मिळाला तर बघते. एका घरी चौका लावला होता, म्हणजे महाराजांच्या दिवसातल्या एकाच जेवणाची तयारी. मी तिथं पुन्हा अंघोळ करून, ओल्या साडीत बायकांबरोबर महाराजांना बोलवायला दारात कलश घेऊन उभी राहिले. माझी ओळख दिली नाही. बाकीचे महाराज एकेका घरी गेले. हा मंदिरातनं बाहेरच आला नाही.

शेजारची बाई म्हणाली, "आज धाकट्या महाराजांचा उपवास. ती आवाजाची पांढरी गाडी मागनं आली की त्यांचा त्या दिवशी उपवास ठरलेला. दिवाळीपासनं असंच चाललंय, मागच्या गावचे लोक पण सांगत होते. एवढं चालायचं आणि वर पाणी सुद्धा नाही. कोण आहे कोण जाणे तो गाडीवाला, कुणी सांगत पण नाही त्याला."

काशिफ, माझ्या हातातला कलश मी खाली ठेवला. पडला असता.

मंदिरात गेले. चार माणसं बसली होती, त्यांच्या मागं बसले, नमोस्तु म्हणाले. त्यानं मला ओळखलं. डोळ्यांत कळतं की आईला. मी विचारलं, "महाराज, उपवास का?" तो सावकाश बोलला, पुस्तकातल्यासारखं. "तो आवाज ओळखीचा आहे. ऐकला की मन मागे वळते. गाडी आता कशी चालत असेल, चालवणाऱ्याचे वय झाले आहे, असे विचार येतात. ज्या दिवशी मन वळले त्या दिवशी आहार नाही. दोष माझ्या मनाचा आहे, मागून येणाऱ्याचा नाही. त्यांना काही सांगू नये." आणि मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. माझ्या पोटच्या पोरानं मला.

बाहेर आले. हे गाडीला टेकून उभे होते. मी काही बोलायच्या आत विचारलं, "जेवला?"

मी "जेवला" म्हणाले. काय करू? त्यांचा चेहरा बघितला असतास तर तू पण हेच म्हणाला असतास. "काय काय घेतलं?" विचारत होते. मी मुगाची आमटी सांगितली, भाकरी सांगितली. सांगत गेले.

आता तूच काहीतरी कर. तो सायलेन्सर काढून साधा बसवता येतो ना? आवाज गेला तर त्याला कळणार नाही. हे मागनं जातील, तो जेवेल. दोघांचं भागेल. पण यांना खरं कारण सांगू नकोस. आपल्या वाचवण्यानं पोर उपाशी राहतंय, हे कळलं तर हा माणूस उभ्यानं खचेल.

त्रिशला


कोल्हापूर
३० जानेवारी २०२५

काकी,

तुमी सांगितलं तसं करायला गेलो आणि जमलं न्हाय. शिव्या द्या मला.

आप्पा काल आले. आतली कडा परत गेलेली. मी म्हटलं, टायर बदलतो आणि ह्यो सायलेन्सर बी काढतो, आता पोलीस पकडायला लागल्यात. आप्पा स्टुलावर बसून बघत हुते. मी गाडीखाली शिरलो, पहिला नट फिरवला, आणि ते एकदम म्हणाले, "काशिफ, ह्या आवाजावरनं तो मला ओळखत आसंल काय रे?"

मी दुसऱ्या नटाला पाना लावला.

"मला वाटतंय ओळखत आसंल. मान वळवत न्हाय, पर गाडी जवळ आली की त्येची चाल जरा हळू हुती. मी बघितलंय." काकी, मी गाडीखालनं तोंड भाईर काढलं. हसत हुते हो आप्पा! खुशीत हुते. मला अऱ्याची पत्रिका आली तवा जे रडू आलं नव्हतं ते तवा आलं. त्यांस्नी वाटलं मला लागलं. उठून आले, "काय झालं, डोळ्यात गंज गेला काय" म्हणाले, आपल्या धोतरानं माझं तोंड पुसाय लागले. मग मी सांगून टाकलं. सगळं. तुमी आत गेलता, काय ऐकलंय, तो काय म्हणाला, सगळं.

आरडाओरडा करतील वाटलं. न्हाय. फरशीवर बसले. मग विचारलं, "दिवाळीपासनं?" मी व्हय म्हटलं. "मी गेलो त्या परत्येक दिशी?" मी व्हय म्हटलं. आणखी विचारलं, "तिला म्हायती हाय?" मी म्हटलं, व्हय आप्पा, काकींनीच मला लिवलंय. तवा त्यांनी तोंड झाकून घेतलं. "त्या देवळातनं भाईर येऊन ती माझ्यासाठी खोटं बोलली. मुगाची आमटी म्हणाली रे. मी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या."

मी म्हटलं, आप्पा, आवाज बंद करून देतो, गाडीचा रंग बदलतो, कळणार बी न्हाय त्याला. तर मान हलवली. म्हणाले, "कळणार न्हाय कसं? ट्रॉल्या बाजूनं गेल्या की कळंल, कोणतरी मागं हाय. चाल ओळखंल. त्येचं मन मी कितींदा मागं ओढू? उपाशी चालवला की रे मी त्याला. मला वाटत हुतं, मी राखण करतोय."

मग उठले आणि म्हणाले, "सरळ कर."

मशीनवर गाडी घेतली. मी म्हटलं शिटवर बसा, जो चालवणार त्याचं वजन धरूनच चाकं बसवायची असत्यात. बसले. अऱ्याच्या शिटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मूळच्या स्प्रिंगा घातल्या, गाडी वर आली. मग कॅम्बरचे बोल्ट सैल केले. ते आम्ही दोघांनी मिळून आवळले हुते, त्यानं चाक धरलेलं, मी पाना. आता चाक मी एकट्यानंच धरलं. वरनं बाहेर घेत घेत सरळ उभं केलं आणि आवळलं. डावं झालं, मग उजवं. राग हुता ना मला त्याचा, तो कुठं गेला कळलं न्हाय. निस्ता रडत हुतो. आप्पा वरनं विचारत हुते, "झालं काय?" मी म्हणत हुतो, व्हायलंय आप्पा.

साधा सायलेन्सर घातला. आता टायर सारखे झिजतील, सालभर तर बघायला नको. वळणावर पहिल्यागत धरणार न्हाय, एवढं सांगितलं. बरं म्हणाले आणि गेले. दुकानासमोरनं गाडी गेली ती मला ऐकूच आली न्हाय.

घरात काय झालं ते लिवा. मला भ्या वाटतंय.

काशिफ


कुरुंदवाड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. काशिफ,

भिऊ नकोस. शिव्या देणार नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस, माझ्यानं ते झालं नसतं.

त्या दिवशी ते घरी आले आणि सोप्यात माझ्यासमोर बसले. "मुगाची आमटी कर," म्हणाले. मी केली. दोघांनी खाल्ली. मग ते लहान पोरासारखे रडले आणि मी त्यांना रडू दिलं. दुसऱ्या दिवशी मी दिराच्या घरी गेले, जाऊबाईच्या हातचं पाणी मागून प्याले. सम्राटला म्हटलं, गाडी शिकायची असेल तर ये. काकांना सोबत होईल.

संघ आता निपाणीच्या पुढं गेला. त्या रस्त्याला ट्रक जास्त, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. पहाटे जाग येते. ते उठतात, चप्पल घालतात, दारापर्यंत जातात. गाडीला हात लावत नाहीत. परत येऊन बसतात. मी चहा ठेवते. बोलत काही नाही, पण आता गप्प बसणं पहिल्यासारखं नाही. दोघांना माहीत असतं की दुसरा काय विचार करतोय.

संघाबरोबर जे ब्रह्मचारी आहेत त्यांचा नंबर यांनी मिळवलाय. आपलं नाव सांगितलं नाही, एक श्रावक म्हणून विचारतात. रोज अकराच्या सुमारास फोन करतात. मी फोनला हात लावत नाही, मी त्यांच्या तोंडाकडं बघते. पहिल्या दिवशी फोन ठेवला आणि म्हणाले, "झाला आहार." दुसऱ्या दिवशी झाला. तिसऱ्या दिवशी झाला. चौदसीला उपवास होता, पण तो सगळ्यांचाच. आज सुद्धा झाला.

म्हणजे आमचं पोर जेवायला लागलं काशिफ. आम्ही त्याच्यापासनं लांब राहिलो की त्याच्या हातावर घास पडतो. कुठल्या आईला असं सांगावं लागलं असेल? पण आमचं आता तेवढंच काम उरलं आहे, लांब राहायचं. ते आम्ही रोज करतोय.

हे आत्ताच हाक मारतायत. फोन होईपर्यंत जेवत नाहीत, तो मघाशीच झाला. ताटं वाढते.

त्रिशला